चित्राला आवाज कोणी जोडला? औंध ते होम थिएटर

१/ घरात होम थिएटर जोडताना खरा प्रश्न तारांचा नसतो, वेळेचा असतो. चित्र टीव्हीकडे जाते, आवाज ॲम्प्लिफायरमार्गे स्पीकरकडे जातो आणि दोन्ही एकाच क्षणी प्रेक्षकापर्यंत पोहोचावे लागतात. ही जोडणी आज यंत्राचे काम मानली जाते. पूर्वी ती माणसाची कला होती, आणि हे समजून घेण्यास औंधइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

२/ सातारा-सांगली परिसरात विखुरलेल्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. तेच बाळासाहेब कीर्तनही करीत. रामकथा रंगवणारा हात आणि ती सांगणारा कंठ, दोन्ही एकाच व्यक्तीचे होते.

३/ ही परंपरा त्यांच्याही आधीची. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदी चित्रांची पोथी एकेक पान पुढे करीत उलगडतात आणि वाद्यांच्या साथीने कथा गातात. पान केव्हा बदलायचे, हे गाणाराच ठरवतो. तिथे चित्र आणि आवाज यांच्यात अंतर पडायला जागाच नसते.

४/ कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ सादर केली. काचेवर रंगवलेली चित्रे मॅजिक लँटर्नने पडद्यावर पडत आणि त्यांना निवेदन, संवाद व गाण्यांची जोड असे. चित्र यंत्रातून येई, आवाज मात्र जिवंत माणसाचा असे. पुढे मूकपटांनाही पडद्यासमोर बसलेल्या पेटी-तबल्याचीच सोबत मिळाली.

५/ १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला. पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना कॅमेऱ्यासमोरच गावे लागे, आणि वादक चौकटीबाहेर राहून साथ करीत. ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांनी वाहिली.

६/ इथून जोडणी माणसाच्या हातून सुटून फितीवर गेली. प्रोजेक्टरमध्ये फीत भिंगामागे थांबत-थांबत सरकते. ध्वनी वाचताना मात्र ती अखंड सरकावी लागते. म्हणून ३५ मिमी फितीवर ध्वनिपट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापली जाई. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर हे अंतर पाऊण सेकंदाहून अधिक भरते. प्रेक्षकाला जे एकत्र भासे, ते फितीवर एकत्र नव्हतेच.

७/ आजच्या दिवाणखान्यात तोच पेच उभा राहतो. टीव्ही चित्रावर संस्करण करण्यात वेळ घालवतो, म्हणून रिसीव्हर आवाजाला मुद्दाम थोपवतो. सेटिंगमधील ‘लिप सिंक’ ते हेच. २००९ च्या एचडीएमआय १.४ ने एआरसीची सोय आणली, आणि टीव्हीतला आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे जाऊ लागला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचा गुंता सुटला. मिलिसेकंदांचा हिशेब मात्र राहिला.

८/ खंत आहे ती वेगळी. घरातल्या पडद्याबाबत आपण ओठ आणि शब्द यांतला किंचितसा फरकही खपवून घेत नाही. इतिहासाबाबत मात्र चित्र आणि आवाज यांची कायमची ताटातूट निमूट स्वीकारतो. औंधच्या टेकडीवरील संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत. दरबारी गायक अंतूबुवा जोशी यांच्या परंपरेतला संगीत महोत्सव त्याच गावात भरतो. चित्रे पाहणारा एक, गाणे ऐकणारा दुसरा.

९/ चित्र जतन करता येते, म्हणून ते ‘वारसा’ ठरते. कीर्तनकाराचा आवाज विरून जातो, म्हणून तो तळटीप होतो. हा न्याय नव्हे, केवळ साठवणुकीची सोय आहे. पौराणिक चित्रांच्या दालनात त्या-त्या प्रसंगाचे आख्यान ध्वनिमुद्रित करून ऐकवणे आज मुळीच अवघड नाही. एक साधा स्पीकरही पुरेल. बाळासाहेबांनी एका देहात जे जोडले होते, ते त्यांच्याच गावात वेगळे राहू नये.