हयातीचा दाखला हवा, मृत्यूची नोंद मात्र नको?

निवृत्त सैनिकाकडून शासन दरवर्षी हयातीचा दाखला मागते. तो जिवंत असल्याची खातरजमा झाली की निवृत्तिवेतन सुरू राहते. मात्र त्याच माणसाने आपले आयुष्य संपवले, तर तो कधीकाळी सैनिक होता ही गोष्ट आत्महत्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीत उमटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांचे व्यवसायनिहाय वर्गीकरण असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी स्वतंत्र प्रकरणही असते. माजी सैनिकांसाठी रकाना नाही. गावी परतून शेती करणारा हवालदार शेतकऱ्यांत मोजला जातो, सोसायटीच्या फाटकावर पहारा देणारा खासगी नोकरदारांत, आणि घरी बसलेला ‘सेवानिवृत्तां’त, बँकेच्या कारकुनाशेजारी. अमेरिका हा आकडा दरवर्षी जाहीर करते. २०२२ सालचा होता ६,४०७. त्या देशाने प्रश्न सोडवला आहे असे मुळीच नाही, पण निदान तो झाकलेला नाही.

‘सैनिक मनाने खंबीर असतो’ हे आपले आवडते उत्तर. ते अर्धेच खरे आहे. ब्रिटनमध्ये १९९६ ते २००५ या काळात सैन्यदले सोडलेल्या २,३३,८०३ जणांचा अभ्यास २००९ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदर आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येहून अधिक नव्हते. परंतु २४ वर्षे वा त्याहून कमी वयाच्या पुरुषांत ते समवयस्कांच्या दोन ते तीन पट आढळले. अल्प सेवा आणि कनिष्ठ हुद्दा असलेल्यांना धोका अधिक होता. हे निष्कर्ष जसेच्या तसे भारताला लावता येणार नाहीत, हे मान्य. तरीही २०२२च्या अग्निपथ योजनेकडे पाहा. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुण सेवेत कायम राहणार. उरलेले ऐन पंचविशीच्या आसपास घरी परतणार, आणि योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ज्या गटाकडे सर्वाधिक लक्ष हवे, तोच यादीबाहेर!

यावर उत्तर मिळते : हेल्पलाइन आहे. आहे खरी. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र सुरू असतो, आणि सशस्त्र दलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून त्याचा स्वतंत्र कक्षही आहे. तो जरूर वापरावा. पण हेल्पलाइन वाट पाहते. ज्याला ‘आपण कोणाचेच नाही, उलट सगळ्यांवर ओझे आहोत’ असे वाटू लागले आहे, त्याच्याकडूनच पहिल्या फोनची अपेक्षा ठेवणे कितपत शहाणपणाचे?

फोनची दिशा उलटवली तर काय होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील पाच ठिकाणी (त्यांपैकी एक चेन्नई) आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांवर एक चाचणी घेतली. अर्ध्या जणांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज सुमारे तासाभराचा संवाद आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली निष्कर्ष आले : पहिल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ०.२ टक्के. नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. कोणीतरी आठवणीने विचारत होते, एवढेच.

अर्थात हे विचारणारे प्रशिक्षित आरोग्यकर्मी होते, जुने सोबती नव्हेत. सहसैनिकांच्या आधाराने मृत्यू घटतात, हे अजून तितक्या निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. मृत्यूसारखी विरळ घटना मोजायला फार मोठ्या चाचण्या लागतात. पण हा हातावर हात ठेवून बसण्याचा नव्हे, चाचणी करण्याचा युक्तिवाद आहे. आणि ती करायला भारताइतकी अनुकूल भूमी क्वचितच असेल. वर्षानुवर्षे एकाच पलटणीत राहिलेली, एकाच बडाखान्यात जेवलेली माणसे अनेकदा एकाच जिल्ह्यात परततात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदणी झालेल्यांची नावे असतात. काही जिल्ह्यांत अशाच निवृत्त जवानांना प्रशिक्षण द्या, सेवा सोडल्यानंतरची पहिली दोन वर्षे ठरावीक अंतराने फोन आणि भेट होऊ द्या, शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करा. अग्निवीरांना त्यात पहिल्या दिवसापासून घ्या.

त्याआधी मोजा. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते तेव्हा सैनिकाचा मृत्यू शासनाला कळलेलाच असतो. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘सैन्यसेवा : होय/नाही’ अशी एक ओळ वाढवायला कोणत्या समितीची वाट पाहायची आहे?