प्रशिक्षण साठीपर्यंत, अंगठा मात्र ऐंशीचाही

नोव्हेंबर लागला की वाशीम जिल्ह्यात तूर फुलोऱ्यात असते, सोयाबीन बाजार समितीत पोचू लागतं आणि पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यामागे लागतात. हा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची ‘जीवन प्रमाण’ सोय २०१४ च्या नोव्हेंबरात आली. २०२१ पासून तर अँड्रॉइड मोबाइलसमोर बसून, पापण्या मिटून-उघडून घरूनही तो देता येतो. तरीही रांग काही हटत नाही. नातवाचा मोबाइल पुण्यात आणि आबाजी रिसोड तालुक्यात, मग पापणी मिटायची कोणापुढं?

श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायला आलेल्या आजींचं तर आणखी अवघड. जन्मभर निंदण-खुरपण करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. त्या अंगठा पदराला पुसतात, यंत्रावर टेकवतात, यंत्र नाही म्हणतं. पुन्हा पुसतात. ‘आता कोणतं बोट लावू बाप्पा?’ असं विचारेपर्यंत मागचे लोक कुरकुरू लागलेले असतात.

यात सगळ्यात विचित्र गोष्ट पुढंच आहे. खेड्यापाड्यात संगणक-साक्षरता पोचवण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. सहा कोटी कुटुंबांचं उद्दिष्ट, घरटी एक माणूस, वीस तासांचं शिक्षण. वयाची अट मात्र चौदा ते साठ! म्हणजे पीएम-किसानच्या ई-केवायसीला साठीच्या पुढचा शेतकरी चालतो, ई-पीक पाहणी त्याच्याही शेताची होते, पण शिकवायची वेळ आली की तो म्हातारा ठरतो. अभियान २०२४ च्या मार्चमध्ये संपलं. ती अट चूकच होती, हे आता तरी स्पष्ट म्हटलं पाहिजे, कारण वाशीम हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे आणि इथली तरुण पोरं कामासाठी बाहेर गेली की घरी उरतात ती याच वयाची माणसं.

‘म्हाताऱ्यांच्या हाती मोबाइल दिला की पैसे जातात’ हा आक्षेप नेहमीचा, आणि तो खोटाही नाही. डिजिटल अरेस्टच्या धमकीने शिकलेसवरलेलेसुद्धा घाबरले. पण ज्याला काहीच येत नाही तो आजही एटीएमचं कार्ड आणि पिन बिनघोर दुसऱ्याच्या हातात देतो. त्यापेक्षा ओटीपी म्हणजे काय, फसलो तर १९३० ला फोन कसा लावायचा, हे त्याला शिकवलेलं बरं.

शिवाय हे सगळं केवळ सरकारी कामापुरतं नाही. रिसोडावरून पुढे गेलेली गजानन महाराजांची पालखी कुठवर पोचली हे गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाला आता ओट्यावर बसून पाहता येतं. लेकीशी व्हिडिओवर बोलताना आईचं बोट चुकून कॅमेऱ्यावर पडतं, पलीकडे अंधार दिसतो, दोघी हसतात. संध्याकाळ तेवढी बरी जाते. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे कधी शाळेत गेल्या नव्हत्या. २०२० मध्ये, सत्तरीत, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू करून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला स्वयंपाक दाखवला. असा नातू घरोघरी नसतो, अडचण नेमकी तिथंच आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा भरली. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी नऊवारीत दप्तर घेऊन येऊ लागल्या. तसेच वर्ग आपल्याकडेही भरवता येतील. तिथं पाटी होती, इथं मोबाइल असेल, एवढाच फरक. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, कुठंही गावचं सार्वजनिक वाचनालय किंवा शाळेची एक खोली दुपारची उघडी ठेवता येईल. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, वयाची वरची अट तर मुळीच नको. शिकवायला महाविद्यालयातली मुलं हवीत, आणि तीही अशी, की हातातला मोबाइल हिसकावून ‘थांबा, मीच करून देतो’ म्हणणार नाहीत. (ही खोड सुशिक्षित घरांत सर्वात जास्त.)

जिल्हा प्रशासनाने आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी हे वर्ग उन्हाळ्यातच सुरू करावेत. मृग लागला की साठी-सत्तरीची माणसंही वावरात असतात, आणि मग थेट नोव्हेंबरची रांग.

— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)