बाकी दोन दिवस आधीच खात्यात घ्या

मंडपवाले, आचारी, बँडवाले, साउंडवाले, फुलांची सजावट करणारे दादा आणि मेंदी काढणाऱ्या ताई, हे तुमच्यासाठी लिहीत आहे. क्यूआर कोड आता तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहे. कुणी टेम्पोच्या काचेवर चिकटवलाय, कुणी कार्डाच्या मागे छापून घेतलाय. तरी बाकी अडकायची ती अडकतेच. कारण किराणा दुकानदार वापरतो तसाच तो कोड तुम्ही वापरताय. दुकानात माल दिला की पैसे लगेच मिळतात. तुमची सुपारी ठरते तीन महिने आधी, सामान पडतं आदल्या दिवशी आणि हिशेबाला बसायचं तेव्हा नवरी सासरी निघालेली असते.

त्या रात्री काय होतं ते तुम्ही रोज बघता. मंडपाचे बांबू सुटायला लागलेत, टेम्पोवाला घाई करतोय आणि तुम्ही मुलीच्या वडिलांसमोर कोड धरता. पण त्या फोनवरून सकाळपासून पैसे जातायत. फुलवाला झाला, भटजी झाले, गॅसची टाकी झाली, पाहुण्यांच्या गाडीचं भाडं झालं. यूपीआयने एका दिवसात साधारण 1 लाख रुपयेच जातात आणि काही बँकांनी तर त्याहून कमी मर्यादा ठेवली आहे. ती दुपारीच संपलेली असते. मग भाचा पुढे होतो आणि मामांच्या फोनवर नवीन ॲप टाकून देतो. पण नव्याने सुरू केलेल्या यूपीआयवरून पहिल्या 24 तासांत 5 हजारांच्या वर सहसा जात नाहीत. शेवटी ‘उद्या टाकतो’ यावर बोलणं थांबतं. माणूस खोटा नसतो. पण ‘उद्या’ म्हणता म्हणता आठवडा जातो आणि तोवर कुणाला तरी आठवतं की मठ्ठा कमी पडला होता, स्टेजजवळची एक माळ लागत नव्हती. पैसे कापायला एवढं पुरतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. मोठी रक्कम कार्याच्या दिवसावर ठेवूच नका. सुपारी घेतानाच पहिला हप्ता फोनवर घ्या, दुसरा आठवडाभर आधी, आणि उरलेली बाकी दोन दिवस आधी. कार्याच्या रात्री फक्त वाढीव ताटांचे आणि ऐन वेळी मागवलेल्या सामानाचे पैसे राहू द्या. हप्ता 1 लाखाच्या वर जात असेल, तर गिऱ्हाइकाला एनईएफटी करायला सांगा. डिसेंबर 2019 पासून ही सेवा सुट्टीच्या दिवशीही आणि चोवीस तास चालू असते.

पैसे आले की लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा. ‘18 तारखेचं लग्न, 400 ताटं, ठरलेले 1,20,000. आज 40,000 मिळाले, बाकी 80,000, ती 16 तारखेपर्यंत. वाढीव ताट 300 रुपये. कृपया हो म्हणून कळवा.’ समोरून ‘हो’ आलं की तारखेसकट पुरावा तयार झाला. वहीत तुम्ही एकटे लिहिता, इथे दोघांनी मान्य केलेलं असतं. फोनवर पैसे घेण्याचा या धंद्याला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे असं मला वाटतं. पैसे आल्याचं बोलून सांगणारा दुकानातला तो डबा मात्र भाड्याने घेऊ नका. जत्रेत स्टॉल लावणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, कारण त्याच्याकडे मिनिटामिनिटाला गिऱ्हाईक येतं. महिन्याला पाच-सहा मोठ्या रकमा येणाऱ्याला बँकेचा मेसेज पुरतो.

कराची भीती मनात असणार, तेही बोलायलाच हवं. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत कित्येकांनी कोड काढून ‘फक्त रोख’ असे कागद लावले. पण सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांची जी मर्यादा आहे, ती रोख आणि फोन दोन्ही धरून आहे. कोड उतरवल्याने उलाढाल कमी होत नाही. त्या गोंधळातून घ्यायचा धडा वेगळा आहे. भिशीचे पैसे, मेहुण्याने परत केलेले उसने आणि धंद्याची सुपारी हे सगळं एकाच खात्यात पडलं, तर वेगळं करून दाखवताना जीव मेटाकुटीला येतो. धंद्याचं खातं वेगळं काढा आणि कोड त्याच खात्याचा ठेवा. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही.

रोखीचा धोका तर त्याहून मोठा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. एका कार्यासाठी एका माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017 पासून आयकर कायद्यात बंदी आहे. हप्त्या-हप्त्याने घेतले तरी कार्य एकच धरलं जातं. दंड घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा. 3-4 लाखांची ऑर्डर घेणाऱ्या केटररने हे पाठच करून ठेवावं. उलट, अंदाजे नफा धरून विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या धंद्याला रोख उलाढालीवर 8 टक्के नफा दाखवावा लागतो, बँकेतून आलेल्या पैशावर 6 टक्के. 15 लाखांच्या उलाढालीत 1 लाख 20 हजार आणि 90 हजार एवढा हा फरक आहे. आपल्या कर सल्लागाराला एकदा नीट विचारून घ्या.

फसवणूक करणाऱ्यांनाही तुमचा धंदा चांगला कळला आहे. लष्करातला अधिकारी बोलतोय असं सांगून कुणी 50 ताटांची ऑर्डर देतो, भाव करत नाही आणि म्हणतो, ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला तर तो मानू नका, आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच सामान हलवा. गेलेच पैसे, तर लाजत बसू नका, त्याच तासाला 1930 ला फोन लावा.

सगळं फोनवर करा असं मी म्हणत नाही. 12 एप्रिल 2025 ला, ऐन हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआय अडकलं होतं. डिझेलला आणि हमालीला पुरेल एवढी रोकड खिशात हवीच. रोजंदारीवरच्या म्हाताऱ्या वाढप्याला नोटाच हव्या असतील, तर नोटाच द्या. आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईची मजुरी तिच्याच खात्यात टाका, घरच्या दुसऱ्या कुणाच्या नको.

शेवटी एक अडचण उरते, ती खरी आहे. एकट्याने ‘बाकी दोन दिवस आधी’ म्हटलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या मंडपवाल्याकडे जाईल. म्हणून हे एकट्याने करायचं काम नाही. तुळशीची लग्नं लागली की पहिल्या दाट तिथीला कुणाला बसायलाही वेळ नसतो. त्याआधी, दिवाळीच्या अलीकडे, तालुक्यातल्या मंडपवाल्यांनी, आचाऱ्यांनी, बँडवाल्यांनी एक संध्याकाळ काढा. मंगल कार्यालयवाल्यांनाही बोलवा, कारण ते आपलं भाडं आधीच घेतात आणि त्यांच्यावर कुणी रागावत नाही. हप्ते कधी घ्यायचे, कार्य मोडलं तर सुपारीतले किती परत द्यायचे, हे त्याच बैठकीत ठरवा आणि सगळ्यांच्या दरपत्रकावर एकाच शब्दांत छापा. परतीचा नियम विसरू नका. मुलीच्या बापाने तीन महिने आधी पैसे द्यावेत असं वाटत असेल, तर लग्न मोडल्यावर त्याचे पैसे त्याच फोनवरून किती दिवसांत परत येतील, हेही त्याला त्या कागदावर लिहिलेलं दिसलं पाहिजे.