गरम हवेचा धंदा

मे महिन्यातली दुपार. सोलापूर नेहमीसारखे तापलेले. माझ्या भाच्याने दारात गाडी लावली आणि मला हाक मारली, "मामू, बाहेर या, बोनेट उघडतो, बघा तरी." जुनी पेट्रोल गाडी आहे, कर्ज काढून घेतलेली. लग्नसराईत आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या भाड्यावर ती चालते आणि तिच्यावर घर चालते. बोनेटखाली जिथे काळा प्लॅस्टिकचा डबा असायचा, तिथे लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर चमकत होता. फिटिंगसह 7,500 रुपये. विकणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: इंजिनला थंड हवा मिळेल, उन्हाळ्यात पिकअप पडणार नाही, आणि ॲव्हरेज वाढेल.

या गाडीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. मी भाषेचा मास्तर आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. "सर, तुम्हाला इंजिनातलं काय कळतं?" असे कुणी विचारेल. कमी कळते, हे मान्य. पण साडेसात हजारांचे खोटे ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

आधी दुखणे खरे आहे हे कबूल करू. गाडी सिग्नलला किंवा गर्दीत उभी राहिली की समोरून येणारा वारा बंद होतो. रेडिएटर आणि एक्झॉस्टची उष्णता बोनेटखाली कोंडते आणि हवेच्या पाइपात, फिल्टरच्या डब्यात, मॅनिफोल्डच्या धातूत मुरत जाते. गाडी बंद केली तर काही मिनिटे ही धग उलट वाढते, कारण इंजिन तापलेलेच असते आणि त्याला थंड करणारे पाणी फिरायचे थांबलेले असते. म्हणून जेवायला अर्धा तास थांबून पुन्हा निघालो की पहिली काही मिनिटे गाडी मरगळल्यासारखी चालते. गाडीवाल्यांच्या भाषेत याला हीट सोक म्हणतात.

असे का होते? हवा तापली की पसरते आणि विरळ होते. तेवढ्याच जागेत कमी हवा मावते, म्हणजे प्राणवायू कमी आणि ताकदही कमी. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ढकलतो. त्यात आणखी थोडी ताकद जाते. इंजिनला थंड हवा द्यावी हे तत्त्व म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. चांगल्या तत्त्वाचे नाव सांगून उलटा माल विकला जातो, भांडण तिथे आहे.

तो काळा डबा कंपनीने उगाच बसवलेला नव्हता. नीट पाहिले तर त्याच्या तोंडाला एक नळी असते आणि ती पुढे जाळीजवळ किंवा बंपरच्या मागे बाहेरची हवा घेते. डबा चारही बाजूंनी बंद असतो, तो बोनेटखालची गरम हवा आत येऊ देत नाही. म्हणजे ज्याला हे लोक "थंड हवेची सिस्टीम" म्हणून विकतात, ती गाडीत पहिल्यापासून होती. माझ्या भाच्याने पैसे मोजून ती काढून घेतली आणि रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या शेजारी एक उघडा फिल्टर लावून घेतला. आता इंजिन कुठली हवा ओढणार? जी समोर आहे ती. गरम.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकायला लावले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. म्हणून वाद न घालता आम्ही मोजून पाहिले. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सोबत आले. स्टिअरिंगखाली तपासणीचे एक सॉकेट असते, त्यात खोचायचे छोटे यंत्र हजार रुपयांच्या आत मिळते. आत जाणाऱ्या हवेचे तापमान ते मोबाइलवर दाखवते. बाहेर 40 अंश होते. उघड्या फिल्टरने पुणे रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने जाताना 53 अंश दिसले. एसी चालू ठेवून दहा मिनिटे उभे राहिलो तर 74. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जुना डबा लावून त्याच रस्त्यावर गेलो. धावताना 46, उभे राहून 59.

आता आठवा चार्ल्सचा नियम, जो आपण पाच मार्कांसाठी पाठ करून विसरलो. सेल्सिअसमध्ये 273 मिळवायचे आणि भागाकार करायचा. धावताना उघड्या फिल्टरने हवा सुमारे 2 टक्के विरळ झाली, उभे असताना 4 टक्क्यांहून थोडी जास्त. एकच गाडी आणि दोनच दुपारी, हे मान्य. सेन्सर स्वतःही तापतो, त्यामुळे उभ्या गाडीचा आकडा थोडा फुगलेला असणार. पण दिशा स्पष्ट आहे. साडेसात हजार देऊन गाडी थंड नाही, गरम झाली.

मग भाच्याला पिकअप वाढल्यासारखे का वाटले? आवाजामुळे. बंद डब्याचे आणि त्याला जोडलेल्या कप्प्यांचे एक काम हवा ओढण्याचा आवाज दाबणे हे असते. डबा गेला की पॅडल दाबताच घोंगावणे ऐकू येते आणि मनाला वाटते, ताकद आली. मुशायऱ्यात आवाज चढवणाऱ्याचा शेर मोठा वाटतो, तसे हे आहे.

ॲव्हरेजचे म्हणाल तर आजच्या इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडले जाते. रोजच्या चालवण्यात पॅडल पूर्ण दाबलेलेच नसते. इंजिनची हवा आपणच थ्रॉटलने अडवून धरलेली असते. तिथे फिल्टर मोकळा करून मिळणार काय?

"रेसिंगच्या गाड्यांना असेच असते," हा पुढचा युक्तिवाद. शर्यतीच्या गाडीत बाहेरची हवा आणणारी वेगळी वाट केलेली असते, इंजिन बहुतेक वेळ पूर्ण ताकदीवर असते आणि फिल्टर पुन्हा पुन्हा बदलला जातो. आपण अक्कलकोटला पाहुणे घेऊन जातो. बंदिस्त डबा आणि बाहेरून येणारी नळी असलेले चांगले किट असते आणि मोठ्या इंजिनात त्याचा थोडा फायदा होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. टर्बो गाडीत तर हवा दाबली जातानाच खूप तापते, तिथे खरा प्रश्न इंटरकूलरचा असतो. पण गल्लीतल्या दुकानात उघडा शंकू "कोल्ड एअर" म्हणून विकणे, याला मी फसवणूकच म्हणतो.

याहून धोक्याचा एक प्रकार आहे. काही जण लांब पाइप लावून फिल्टर थेट बंपरच्या खाली नेतात. तिथे हवा खरोखर थंड असते. पण पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी घातली की तोच पाइप पाणी ओढतो. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा खर्च आला की साडेसात हजार किरकोळ वाटू लागतात. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

खरे उपाय स्वस्त आहेत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. डब्याची झाकणे आणि क्लिपा नीट बसल्या आहेत का पाहा. तोंडाची नळी जागेवर आहे का पाहा. टक्कर झाल्यावर दुरुस्तीत ती तुटते आणि कुणी परत बसवत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर एक पातळ पत्रा असतो. तो खडखडतो म्हणून अनेक ठिकाणी काढून फेकतात. तो पत्राच धग अडवतो, त्याला फेकू नका, नवा नटबोल्ट लावा. बोनेटच्या कडेची रबरे, रेडिएटरचा पंखा, जाळीत अडकलेला कचरा तपासा. पाइप एक्झॉस्टच्या अगदी जवळून जात असेल तर त्यावर उष्णतारोधक आवरण चालते. पण ते गोधडीसारखे आहे: धग उशिरा आत शिरते आणि शिरली की उशिरा बाहेर पडते. तासभराच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा उपयोग नाही. आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू केल्यावर पहिली दोन-चार मिनिटे सावकाश चालवा. वारा लागला की ती आपोआप निवते. हा उपाय फुकट आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. डबा परत लावायला आम्ही त्याच गॅरेजवर गेलो, तेव्हा तिथला हेल्पर पोरगा माझा जुना विद्यार्थी निघाला. आठवीनंतर शाळा सुटलेला. त्याने हळूच मला सांगितले, "सर, फिल्टर बसवताना मी विचारलं होतं, इथं हाताला चटका बसतो तर हवा गार कशी येईल? तर शिव्या बसल्या." त्याला चार्ल्स ठाऊक नाही, पण प्रश्न चार्ल्सचाच होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो, कारण वर्गात याच पोराला "फार प्रश्न विचारतोस, खाली बस" असे मीही म्हटलेले मला आठवत होते.

गॅरेजवर मुख्य मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. उर्दूत मलाही उस्तादच म्हणतात. आपल्या समाजातली किती पोरे शाळेतल्या उस्तादाकडून सुटून गॅरेजच्या उस्तादाकडे जातात, हे कुणाला वेगळे सांगायला नको. तिथे हुनर मिळतो, आणि पुष्कळ मिस्त्री इतके प्रामाणिक असतात की त्यांच्या हाती गाडी देऊन निर्धास्त झोपावे. पण गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत असते. तिच्यात काही घालताना "का" सांगता येत नसेल, तर ते घालू नये. आणि शागिर्दाने "का" विचारले तर त्याला हाकलू नये. उद्या ते गॅरेज तोच चालवणार आहे.

डबा अंगणात भंगाराशेजारी सापडला, तोंडाची नळी मात्र गायब होती. ती जुन्या बाजारात 600 रुपयांना मिळाली. त्या पोरानेच बसवली, आणि पत्र्याचा नटबोल्टही न सांगता आवळून दिला. भाच्याचे साडेसात हजार परत मिळाले नाहीत. विकणारा म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही."

जूनमध्ये शाळा उघडेल. विज्ञानाचे सर आणि मी ठरवले आहे की चार्ल्सच्या नियमाचा तास या वेळी मैदानात घ्यायचा, उघड्या बोनेटसमोर. त्या पोरालाही बोलावणार आहोत, तो दुपारची सुट्टी काढून येतो म्हणाला आहे.