शिंदखेड्यात मंडळी उभी राहायची तर

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळी उभी करायची म्हणजे आधी प्लॉट घ्यायचा, पत्र्याची शेड ठोकायची, भोंगे लावून सभा घ्यायच्या, असे मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत. शेजाऱ्यांना जेवायला बोलावणे, त्यांचे ऐकत बसणे त्यांना वेळ घालवणे वाटते. उलट गावातले काही जाणते म्हणतात, हा पाहुणचार म्हणजे आमिष आहे. दोन्ही मते मला अमान्य आहेत. पण दुसरा आक्षेप जड आहे, त्याचे उत्तर आधी द्यायला हवे.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी असंख्य जीव जगवले. भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच दारात मिळतो, हा समजही त्याच काळात घट्ट झाला. तो नुसता झटकून टाकता येत नाही, कारण भुकेल्याचा होकार मोकळा नसतो. औषध, नोकरी किंवा शाळेतला प्रवेश देऊन श्रद्धा मागणे हा सौदा आहे, आणि तो ख्रिस्ताच्या नावाने झाला तर अधिकच लाजिरवाणा. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संविधानाच्या कलम 25 मधला प्रचाराचा हक्क आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नाही. सीरवईंसारख्या घटनातज्ज्ञांनी या निकालावर कडक टीका केली. तरी जेवणाच्या पंगतीपुरती ही मर्यादा मी आनंदाने पाळीन.

मात्र यावरून पाहुणचारच संशयास्पद ठरत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर शिष्यांना थैलीशिवाय पाठवतो आणि समोर वाढतील ते खायला सांगतो. म्हणजे सुवार्ता सांगणाराच पाहुणा आहे, वाढणारा गाव आहे! जकातदार जक्कयाच्या घरीही येशूच उतरायला गेला. ज्याच्या हातात देण्यासारखे काही नाही, तो आमिष कुठून दाखवणार?

मिशनच्या आवारांनी हे नाते पुष्कळदा उलटे केले. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने भिल्लांमध्ये केलेली सेवा मी विसरत नाही; चिंचपाड्याचे रुग्णालय आजही रुग्णांना तपासते. पण पगार देणारा, औषध देणारा आणि उपदेश करणारा एकच असला की समोरचा मोकळेपणी बोलत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी हे ओळखले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. दोन वर्षांत ते गेले, दरबार ओसरला. म्हणून ती वाटच चुकीची, हा निष्कर्ष घाईचा आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात काय घडले ते पाहा: टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षे ताटातुटीची, सोवळ्याओवळ्याची, भांडणाची. पण त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने.

ऐकण्याला निष्क्रियता म्हणणाऱ्यांनी धुळ्याचा तुरुंग आठवावा. 1932 साली तिथे विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ऐकून ते उतरवले, म्हणून ती प्रवचने घरोघर पोचली.

शिंदखेड्यात ऐकण्यासारखे उदंड आहे. कोरडवाहू कापूस, उतरलेला भाव, ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला गेलेली मुले, मागे उरलेले म्हातारे आईबाप. ते अहिराणीत दुःख सांगतात आणि आमचा उपदेशक त्यांना पुस्तकी मराठीत उत्तर देतो. श्रावणात घरात कानबाई देवी बसते तेव्हा तिथल्या आजीला काय वाटते, हे विचारायची तसदी न घेता तिच्या देवांविषयी बोलणारा माणूस मला उद्धट वाटतो.

तेव्हा प्लॉट राहू द्या. गल्लीत भाड्याचे घर घ्या, अहिराणी शिका. शेजारी बोलावतील तेव्हा त्यांची कळण्याची भाकरी आणि ठेचा खा, मग त्यांना बोलवा. जेवणानंतर प्रार्थना लादू नका, नावांची वही ठेवू नका. कोणी श्रद्धेविषयी विचारले तर आडपडदा न ठेवता सांगा. येशूविषयी बोलायची लाज मला नाही. दोन-चार घरे एकत्र प्रार्थना करू लागली तर ती मंडळी झाली, तिला पाळक मिळेल, जागाही मिळेल. आणि कोणीच उपासनेला आले नाही, तरी पुढच्या आठवड्याचे जेवण ठरल्याप्रमाणे व्हायला हवे.