गुरूची तालीम आणि गल्लीची मैफल

अमेरिकेतील कॉलेजांचे बास्केटबॉलपटू पूर्वी उन्हाळ्यात आपापल्या शहरांतील लीगमध्ये खेळत. फिलाडेल्फियात सनी हिल यांनी १९६८ साली काढलेली लीग त्यांपैकीच. प्रशिक्षकांस त्या सुट्टीत शिकविण्याची मनाई असे. २०१२ साली तेथील कॉलेज-क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेने ती उठविली. आठ आठवडे, आठवड्यास आठ तास सरावाची मुभा पुरुष खेळाडूंस मिळाली. त्यानंतर कित्येक लीगमधून कॉलेजचे खेळाडू दिसेनासे झाले.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. दरबारी गवयाच्या घरात वाढलेला मी शिक्षक तालमीस नावे ठेवणार नाही. पण तालमीत चूक झाली की गुरू थांबवितो. मैफलीत ती आपली आपणच सावरून समेवर यावे लागते. शिवाय मोठ्या सामन्याचे तिकीट ज्यास परवडत नाही, असा गल्लीतला मुलगा या लीगमध्ये चांगला खेळाडू हातभर अंतरावरून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच चेंडू टाकू लागतो. आपल्याकडे गणेशोत्सवांतल्या गाण्यांनी हेच काम केले.

तालीम हवीच. मात्र आठवड्यातील एक संध्याकाळ तरी प्रशिक्षकांनी आपली मुले गल्लीच्या स्वाधीन करावीत.