टिकलीएवढी जोखीम

त्वचेच्या ॲलर्जीची जोखीम मोजताना वस्तूत रसायन एकूण किती, यापेक्षा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ते किती पडते हे निर्णायक असते. त्यामुळे टिकलीही पुरते. काही टिकल्यांच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर पांढरा डाग उमटू शकतो. लोक त्याला कोड म्हणून मोकळे होतात आणि भोगते ती बाई. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात घेतलेल्या खोट्या दागिन्यांतही जोखीम असते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसते, निकेल असते, नंदुरबारच्या उन्हाळ्यातला घाम ते सोडवून त्वचेत पोचवतो. त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी युरोपीय संघाने आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम निकेलची मर्यादा घातली आहे. पीपीडी हे ॲलर्जी आणणारे रसायन असलेल्या केसांच्या रंगावर स्थानिक भाषेतही इशारा छापण्याचा नियम भारतात आहे, पण पुडीवरची ती बारीक अक्षरे भिली-पावरी बोलणाऱ्या ग्राहकापर्यंत पोचतात असे मानणे भाबडेपणाचे. शिवाय पहिल्या वापरात सहसा पुरळ उठत नाही. शरीर तेव्हा रसायन फक्त ओळखून ठेवते. म्हणून ‘मागे लावले, काही झाले नाही’ हा पुरावा ठरत नाही. खरा पुरावा पॅच टेस्टचा: पाठीवर ४८ तास पट्टी, नंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासणी. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने अशा रुग्णांची वस्तुनिहाय नोंद ठेवावी.